चाकात अडकलेली डहाळी

परतकाकांना नमस्कार केला तर ते आधी मागे वळून बघतात, की हा नेमका कुणाला केला. आपल्यालाच आहे अशी खात्री पटली की मग हात जोडतात. वय सत्तावन्न, अंगात कायम करडा कोट, कोटाच्या वरच्या खिशात दोन पेनं. एक चाललं नाही तर असावं म्हणून दुसरं, आणि दुसऱ्याचाही काय भरवसा म्हणून खालच्या खिशात पेन्सिल.

लहान विमानांच्या आमच्या मैदानावर ते मीटर दुरुस्त करतात. वैमानिकाच्या समोर गोल तबकड्या असतात ना, उंची सांगणारी, वेग सांगणारी, त्या सगळ्या त्यांच्या हाताखालून जातात. दुरुस्ती झाली की कार्डावर शिक्का मारायचा अधिकार एकट्या त्यांना. खरं नाव हजेरीपटावर आहे, पण ते कुणी घेत नाही. कुणी काहीही सांगितलं तरी त्यांचं उत्तर एकच असतं, "परत बघ." तेल भरलं? परत बघ. दार लावलं? परत बघ. म्हणून परतकाका. काकू तर म्हणतात, "मी लग्नाला होकार दिला तेव्हा यांनी माझ्या भावाला सांगितलं, तिला परत एकदा विचारून या. तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

त्यांना आणखी एक खोड आहे. काटा असलेली कुठलीही वस्तू दिसली की ते तिच्या काचेवर नखाने दोनदा टकटक करतात. मीटरचा काटा अडकला असेल तर त्या धक्क्याने हलतो, हे त्यांच्या धंद्यातलं. पण हा माणूस दुकानातल्या वजनकाट्यावरही टकटक करतो. दुकानदार आता त्यांना बघितलं की आपणच आधी करून दाखवतो.

मी त्याच मैदानावर रेडिओच्या खोलीत बसते. बारा वर्षं झाली. स्वभाव तापट आहे, हे मीच सांगून टाकते, म्हणजे दुसऱ्या कुणाला तसदी नको.

आता ते उंचीचं मीटर काय चीज आहे ते समजून घ्या, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. ते मीटर जमीन बघत नाही. ते फक्त हवेचा दाब ओळखतं आणि त्यावरून उंची सांगतं. हवा बदलली की दाब बदलतो, म्हणून मीटरला एक छोटं बटण असतं. ते फिरवून त्या वेळचा दाबाचा आकडा लावायचा. आकडा जुनाच राहिला तर मीटर धडधाकट असूनही खोटं बोलतं, तेही अगदी आत्मविश्वासाने. विमान येत असलं की तो आकडा रेडिओवरून सांगायचं काम माझं. मी सांगायचा, वैमानिकाने तोच मला म्हणून दाखवायचा, आणि मग मी रजिस्टरात 'परत म्हटला' असा एक रकाना आहे त्यात बरोबरची खूण करायची. एवढंच काम, पण यात ढिलाई चालत नाही.

काकांनाही रोज आकडा लागायचा, दुरुस्तीच्या बाकावरच्या मीटरांसाठी. सकाळी आठला माझ्या खिडकीशी येऊन विचारायचे, "आकडा?" मी सांगायची. ते तळहातावर लिहून घ्यायचे आणि जायचे. मॅनेजरला तारीखसुद्धा दोनदा विचारणारा हा माणूस, पण मला 'परत सांग' असं बारा वर्षांत एकदाही म्हणाला नाही. मला त्याचा गर्व होता, कशाला लपवू.

तर त्या दिवशी आमचे कॅप्टन एका मोजणीवाल्याला घेऊन दुसऱ्या मैदानावर गेले होते. कॅप्टन म्हणजे पंचेचाळिशीचा हसरा माणूस, सगळ्यांशी गोड. मला गोड माणसांचा जरा संशयच येतो, पण यांचं विमान चालवणं चांगलं. सकाळी निघाले तेव्हा आकडा होता एक शून्य एक चार. दुपारी हवा फिरली. ढग खाली आले, वारा सुटला, आणि चारच्या सुमाराला आकडा एक शून्य शून्य तीनवर उतरला. मोजणीवाल्याला तिकडेच सोडून कॅप्टन एकटे परत आले. मी आकडा दिला, ते उतरले, मी चहा घेतला.

विमान उतरलं की काका त्याच्याभोवती बॅटरी घेऊन एक फेरी मारतात. कुणी सांगितलेलं नाही, पण मारतात. त्या दिवशी डाव्या चाकाशी ते खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. चाक आणि वरचा पत्रा यांच्या फटीत हिरवी डहाळी होती. चार पानं, देठ अजून ओला.

मैदानाच्या मागे एक टेकडी आहे. तिच्या माथ्यावरची झाडं धरून उंची बाराशे फुटांच्या आसपास. तिच्यावरून यायचं ते पंधराशे फुटांवरून, असा नियम आहे. म्हणजे कॅप्टन तीनशे फूट खालून आले होते, आणि आणखी हातभर खालून आले असते तर डहाळीऐवजी आम्ही त्यांनाच झाडावरून काढलं असतं.

कॅप्टनच्या तोंडचं पाणी पळालं. "मीटर पंधराशेच दाखवत होतं," ते म्हणाले. "आकडा लावला होता मी." आम्ही विमानात डोकावून बघितलं. बटणाच्या खिडकीत आकडा बरोबर, एक शून्य शून्य तीन. मग सगळ्यांच्या नजरा हळूच काकांकडे वळल्या. कारण ते मीटर सोळा दिवसांपूर्वी काकांनीच दुरुस्त करून, शिक्का मारून बसवलं होतं.

शहाण्या माणसाने अशा वेळी हात खिशात घालून उभं राहायचं. मीटरला सील असतं, ते चौकशीवाल्यांनी येऊन तोडायचं. पण स्वतःवरही संशय घेतल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, तो काय थांबणार? दिवस मावळायच्या आत काकांनी ते मीटर काढून बाकावर नेलं, सील तोडलं, पोटातून उघडलं, काचेच्या बरणीत ठेवून हवा काढून काढून तपासलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांसमोर येऊन आपणहून सांगितलं, "मीटर बरोबर आहे. मी उघडून बघितलं." आ बैल मला मार, दुसरं काय.

चौकशीचे साहेब चौथ्या दिवशी आले. बारीक आवाजाचे, निळी फाईल घेतलेले. त्यांनी काकांना एकच प्रश्न विचारला.

"आज ते बरोबर आहे हे मान्य. पण त्या दुपारी बरोबर होतं, हे आता कोण सांगणार? तुम्हीच बसवलंत, तुम्हीच उघडलंत, आणि तुम्हीच म्हणताय बरोबर आहे."

साहेबांनी काकांचा शिक्का मागून घेतला, पाकिटात घातला, पाकिटावर सही केली. महिन्याने निकाल, म्हणाले. मीटरमध्ये दोष होता आणि काकांनी तो झाकायला सील तोडलं असं ठरलं, तर शिक्का कायमचा गेला.

मग साहेब माझ्या खोलीकडे वळले. तिथे आमची सगळी बोलणी एका पेटीत आपोआप टेप होतात. साहेबांनी पेटीकडे बोट केलं, तर काकाच मध्ये बोलले. म्हणजे ज्याच्या स्वतःच्या गळ्याशी आलं होतं, तो.

"ती खोली सोडा साहेब. तिथे बघण्यासारखं काही नाही. या बाईला मला बारा वर्षांत परत विचारावं लागलेलं नाही."

साहेबांनी रजिस्टर उघडलं. त्या दिवशीची ओळ, आकडा, वेळ, बरोबरची खूण. रजिस्टर मिटलं. माझी मान ताठ झाली, खरंच सांगते.

त्यानंतर मैदानाची हवा बिघडली. एकत्र डबे खाणारी माणसं आपापल्या कोपऱ्यात जाऊन खायला लागली. ज्या कपाटांना कधी कुलूप नव्हतं त्यांना कुलपं आली. मी विमानं ठेवायच्या हँगरमध्ये पाऊल टाकलं की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी उगाच हवेबद्दल काहीतरी बोलायचं. एक मेकॅनिक मला म्हणाला, "बाई, कुठेतरी पाणी मुरतंय." मी म्हटलं, "तुझ्या डोक्यात मुरतंय, जा कामाला." पण माझ्याही मनात पाल चुकचुकत होतीच. दोन दिवस मीसुद्धा काकांवर संशय घेतला. म्हातारं माणूस, नजर कमी झालेली, एखादा स्क्रू राहिला असेल, आणि बाकावर गुपचूप आवळून आता साळसूदपणे सांगत असेल. असं वाटलं मला. आज आठवलं की लाज वाटते.

आठवड्याने मी त्यांच्या घरी गेले. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, भिंतीवर दोन घड्याळं, दोन्ही मिनिटाला मिनिट जुळलेली. काका गॅलरीत आपली जुनी वही घेऊन बसले होते, कुठलं मीटर कधी उघडलं त्याची. मान वर केली, मी आहे असं बघितलं आणि परत वहीत घातली.

काकू स्वयंपाकघरात मला हळू आवाजात म्हणाल्या, "जेवता जेवता मला विचारतात, मी तो स्क्रू नीट आवळला होता का गं? आता मला काय ठाऊक? मी म्हटलं, हो, आवळला होता. तर म्हणतात, परत आठव."

मला हसू आलं, पण काकू हसत नव्हत्या.

"तुला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नवीन होते तेव्हा यांचे वस्ताद म्हणाले, मी तपासलंय, तू फक्त सही कर. यांनी केली. त्या मीटरचा काटा हवेत अडकला. वैमानिक शेतात कोसळला. जगला, पण दोन्ही पाय गेले कामातून. तेव्हापासून हे असे. इतकी वर्षं सगळ्यांवर संशय घेऊन काढली, का, तर परत तसं होऊ नये. आणि आता त्यांना वाटतंय की झालं."

जिना उतरताना माझं डोकं तापलं. काकांनी चूक केली नसेल तर ती कॅप्टनची, तिसरं कोण असणार? मग मला सगळं आठवायला लागलं. त्या दिवसापासून कॅप्टन मीटरच्या खोलीवरून जात नाहीत, लांबून वळसा घेतात. माझ्याशी बोलताना हसतात, पण डोळे दुसरीकडे. चोराच्या मनात चांदणं. याला पकडायचाच, असं मी ठरवलं, आणि पकडायला माझ्याकडे पेटी होती. पेटी तीस दिवसांचं बोलणं ठेवते आणि मग जुनं पुसून त्यावरच नवं भरते. तरी माझी चालढकल झाली. हवा बरी होती, विमानांची रीघ होती. सत्ताविसाव्या दिवशी दुपारी रिकामा वेळ मिळाला तेव्हा मी दार लावून घेतलं आणि ती तारीख लावली. कॅप्टनचा आवाज अडखळलेला सापडेल, काहीतरी खोटं सापडेल, या आशेने कान देऊन बसले.

आधी माझाच आवाज आला. "दाब एक शून्य शून्य तीन."

कॅप्टन म्हणाले, "एक शून्य..."

आणि मी मध्येच, "हां, आणि ऐका, तुमच्या घरून फोन होता. किल्ली कुठे ठेवलीत विचारतायत. सगळे दाराबाहेर उभे आहेत."

"किल्ली? शेजारी दिलीय की. थांबा हां. नाही वाटतं दिली." खिसे चाचपल्याचा आवाज. "या खिशात नाही. पट्ट्याखाली अडकलाय खिसा."

"काखेत कळसा नि गावाला वळसा," मी म्हणाले, आणि हसले. मोठ्याने हसले. ते हसणं मी ऐकलं.

"सापडली, सापडली. सांगा त्यांना, अर्ध्या तासात आलोच."

"सांगते."

एवढंच. आकडा त्यांनी म्हणून दाखवलाच नाही. मी विचारलाही नाही. वेळ बघितली, बरोबर टेकडीच्या तोंडाशी. ढगाळ उजेडात, एका हाताने पट्ट्याखालचा खिसा चाचपत, सकाळचाच आकडा लावलेल्या मीटरवर भरवसा ठेवून तो माणूस झाडांवरून गेला होता, आणि त्याला खिसा चाचपायला मी लावलं होतं.

मग रजिस्टर उघडलं. बरोबरची खूण, माझ्याच निळ्या शाईची. ती कधी केली हे मला आठवायची गरजच नव्हती. मी ती आकडा सांगता सांगताच करते. रोजचेच वैमानिक, कोण चुकतंय, म्हणून कितीतरी वर्षं तशीच करत आलेय. ऐकून कधी करतच नाही.

आणि लगेच, त्याच मिनिटाला, मी मोजलं की अजून तीन दिवस आहेत. तीन दिवस गप्प बसलं तर पेटी आपली आपण पुसेल. कुणी मागितलेली नाही, मागणारही नाही, काकांनीच सांगितलंय बघू नका म्हणून. माझी दोन मुलं शाळेत आहेत, मला दुसरं काम येत नाही. मी पेटी बंद केली आणि घरी गेले. त्या दिवशी मी कुणाला काहीही सांगितलं नाही. हे मी लपवणार नाही, कारण एवढं सांगितलं नाही तर बाकीच्याला अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला खिडकीशी काका आले. शिक्का नाही म्हणून बाकावर काम नाही, तरी कोट घालून रोज यायचे ते.

"आकडा?"

मी सांगितला. त्यांनी तळहातावर लिहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, काम तर नाही, मग आकडा कशाला नेता?"

"सवय गं," ते म्हणाले. "सगळ्याचीच शंका यायला लागलीय आता. माझ्या हाताची पण. दिवसात एक तरी गोष्ट खात्रीची असावी."

तळहात उघडा होता, शाई अजून वाळली नव्हती. मला ते बघवेना.

"काका, आत या," मी म्हटलं. "तुम्हाला काहीतरी ऐकवायचंय."

ते आत आले, स्टुलावर बसले. मी पेटी लावली. माझं हसणं झालं, कॅप्टनचं झालं, "सांगते" झालं. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, म्हणून खिडकीतून धावपट्टीकडे बघत राहिले.

"परत लाव," काका म्हणाले.

मी परत लावली. मग तिसऱ्यांदा. तिसऱ्या वेळी त्यांनी पेटीच्या काचेवर नखाने दोनदा टकटक केलं. पेटीत काटा नव्हता, पण केलं.

"खूण केव्हा केलीस?"

"आकडा सांगता सांगताच. नेहमी तशीच करते."

"नेहमी?"

"नेहमी."

ते उठले. दारापर्यंत गेले, थांबले, तळहाताकडे बघितलं आणि गेले. मी तासाभरात साहेबांना फोन केला.

पुढचं सगळं भराभर झालं. पेटी ऐकल्यावर कॅप्टननी फार ताणलं नाही. जमिनीवर उतरल्यावर काटा तीनशे फूट जास्त दाखवत होता, तेव्हाच आपली चूक त्यांच्या लक्षात आली, आणि घाबरून त्यांनी बटण फिरवून आकडा बरोबर केला. डहाळी सापडली नसती तर कुणाला कळलंही नसतं. तीन महिने त्यांचं उड्डाण बंद झालं. काकांना सील तोडल्याबद्दल लेखी समज मिळाली आणि पाकिटातला शिक्का परत मिळाला. कुणीतरी म्हणालं, काकांनी तो घेताना पाकीट उलटसुलट करून सही तपासली. तपासली असणारच. मला दोन महिने रेडिओवरून काढलं, परत शिकायला पाठवलं, परीक्षा घेतली. तिथे पहिल्याच दिवशी शिकवलं, की विमान खाली येत असताना कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलायचा नाही. हे मी आधीही एकदा शिकले होते.

काकूंचा फोन आला होता. म्हणाल्या, "जेवायला लागलेत बाई नीट. तू सांगितलंस म्हणून." काकांना फोन द्या, असं म्हणायचा मला धीर झाला नाही.

परत कामावर आले त्या दिवशी मी साडेसातलाच खिडकी उघडून बसले. दाब तीनदा वाचला. येतील की नाही याचा विचार करत होते. नाही आले तर बरं, असंही वाटत होतं. आठला करडा कोट दिसला. खिडकीशी आले, वरच्या खिशातलं पेन काढलं, तळहात पुढे केला.

"आकडा?"

"एक शून्य शून्य आठ."

पेन तळहातावर टेकलेलं होतं, पण ते लिहीनात. माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मीही चिडले असते, भांडले असते, मोकळी झाले असते.

"परत सांग," काका म्हणाले.

मी परत सांगितला. मग त्यांनी लिहून घेतला आणि गेले.